दाढदुखी पुन्हा पुन्हा उलटते तेव्हा: दंतवैद्याच्या भेटीपर्यंतचे दिवस कसे काढावेत

दाढेचा ठणका सुरू व्हावा आणि दंतवैद्याची वेळ तीन-चार दिवसांनंतरची मिळावी, ही तक्रार नेहमीची आहे. दिवाळीच्या सुट्टीत, किंवा दंतवैद्य ठरावीक वारीच तालुक्याच्या गावी येत असतील तेथे, हा काळ आणखी लांबतो. त्याहूनही नेहमीची तक्रार अशी की, मधल्या काळात गोळ्या आणि लवंग यांनी दुखणे थांबते, माणूस घेतलेली वेळ रद्द करतो आणि काही आठवड्यांनी तीच दाढ पहिल्यापेक्षा जोराने उठते. वेदना घरी बऱ्याच अंशी कमी करता येते; तिचे कारण मात्र घरी दूर होत नाही. पुढील माहिती प्रामुख्याने प्रौढांसाठी आहे. मुले, गरोदर स्त्रिया आणि जुने आजार असलेल्या व्यक्ती यांच्याबाबत जेथे फरक पडतो तेथे तो सांगितला आहे.

आधी हे पाहावे: थांबणे योग्य आहे का

दाताच्या मुळाशी झालेला पू बहुतेक वेळा हिरडीपुरता राहतो, पण कधी कधी तो जबड्याखाली, गळ्याकडे किंवा डोळ्याकडे पसरतो. गालाची सूज तासातासाला वाढत असेल, ती डोळ्यापर्यंत किंवा हनुवटीखाली पोहोचली असेल, जिभेखालचा भाग फुगून जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नसेल, थुंकी गिळणे जड जात असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर दंतवैद्याच्या वेळेची वाट पाहू नये. मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात त्याच रात्री जावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. सुजेबरोबर थंडी वाजून ताप आला तरीही वाट पाहू नये. मधुमेह असलेल्यांनी, तसेच केमोथेरपी किंवा स्टिरॉइड चालू असलेल्यांनी, सूज लहान असतानाच डॉक्टर गाठावा, कारण त्यांच्यात संसर्ग लवकर पसरतो आणि संसर्गामुळे रक्तातील साखरही वाढते.

आणखी एक गोष्ट दातांशी संबंधित नसली तरी येथेच सांगणे भाग आहे. खालच्या जबड्यातील दुखणे जिना चढताना किंवा चालताना सुरू होत असेल, विश्रांती घेतल्यावर थांबत असेल, आणि त्याच्या जोडीला छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर ते दुखणे हृदयाचे असू शकते. अशा वेळी लवंग शोधण्यात वेळ घालवू नये.

दुखणे कोणत्या टप्प्यावर आहे

वरच्या कठीण आवरणाच्या, म्हणजे इनॅमलच्या, आत दंतिनचा थर असतो आणि त्याच्याही आत रक्तवाहिन्या व नसा असलेला मऊ गाभा असतो. कीड दंतिनपर्यंत पोहोचली की थंड पाणी, आइसक्रीम किंवा पेढा लागताच सणक जाते आणि काही सेकंदांत थांबते. या टप्प्यावर गाभा अजून सावरू शकतो. कीड काढून सिमेंट भरले की बहुधा काम भागते. जो रुग्ण या वेळी दंतवैद्याकडे जातो त्याचा खर्च आणि त्रास दोन्ही सर्वांत कमी असतात, आणि नेमक्या याच वेळी जाण्याची निकड कोणाला वाटत नाही.

पुढच्या टप्प्यात गाभ्याला सूज येते. शरीराच्या दुसऱ्या भागाला सूज आली तर त्याला फुगायला जागा असते, दातातील गाभा मात्र चारही बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला असतो, त्यामुळे दाब थेट नसांवर येतो. आता गरम चहाने कळ उठते आणि ती कित्येक मिनिटे राहते. काही न खाता-पिता ठणका सुरू होतो. झोपेतून जाग येते. वेदना कानाकडे, कानशिलाकडे जाते आणि नेमका कोणता दात दुखतो हे सांगता येत नाही. काहींना तर थंड पाण्याची चूळ तोंडात धरली तरच आराम वाटतो आणि पाणी कोमट झाले की पुन्हा कळ येते. हे लक्षण असल्यास गाभा वाचण्याची शक्यता फारशी उरलेली नाही असे समजून रूट कॅनॉल (खराब गाभा काढून मुळातील पोकळी भरणे) किंवा दात काढणे याची मनाने तयारी ठेवावी.

यानंतर जे घडते त्यातच ‘पुन्हा पुन्हा’ या तक्रारीचे मूळ आहे. सुजलेला गाभा शेवटी मरतो. गरम आणि गार काहीच लागेनासे होते, ठणका बंद होतो, आणि रुग्ण म्हणतो की दाढ बरी झाली. प्रत्यक्षात मेलेल्या गाभ्यातील जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात. काही दिवसांनी किंवा काही महिन्यांनी दात उंच झाल्यासारखा वाटतो, त्यावर घास चावला की दुखते, टिचकी मारली तरी दुखते. मग हिरडीवर एखादी पुळी येते, ती फुटते, तोंडात खारट-कडवट चव येते आणि पू निघून गेल्याने पुन्हा आराम पडतो. पुळी भरणे आणि फुटणे हे चक्र कितीही काळ चालू राहू शकते. त्या अवधीत हाड झिजत राहते. दुखणे अचानक आपोआप थांबले तर ही बाब दंतवैद्याला आवर्जून सांगावी आणि घेतलेली वेळ सोडू नये.

प्रत्येक ठणका मात्र किडीचाच असतो असे नाही. दोन दाढांच्या फटीत आंब्याचा धागा, मक्याच्या दाण्याची साल, सुपारीचा तुकडा किंवा मांसाचा तंतू अडकून हिरडी सुजली तर दुखणे हुबेहूब दाढेचे वाटते. म्हणून गोळी घेण्याआधी कोमट पाण्याने जोरात चूळ भरावी आणि दातांच्या फटीत फ्लॉसचा दोरा हलक्या हाताने फिरवावा; सेफ्टी पिन, टाचणी किंवा काडीपेटीची काडी कधीही वापरू नये. सर्दी झालेली असताना वरच्या दोन-तीन दाढा एकदमच दुखत असतील आणि वाकल्यावर दुखणे वाढत असेल तर सायनसचा संशय घ्यावा. घास चावताना नव्हे तर चावून दात सोडताना झणझणीत कळ येत असेल तर दाताला चीर गेलेली असू शकते. विशीच्या आसपासच्या व्यक्तीला सर्वांत मागे, अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरच्या हिरडीत दुखत असेल, तर मिठाच्या पाण्याने तेथील अडकलेले अन्न धुऊन काढणे हा गोळीइतकाच उपयोगी उपाय ठरतो.

वेदनाशामक गोळ्या: उपायांचा मुख्य आधार

घरगुती उपायांची यादी लवंगेने सुरू करण्याची पद्धत आहे, पण आतून आलेल्या ठणक्यावर सर्वांत भरवशाचा उपाय सुजेवर काम करणारी वेदनाशामक गोळी हाच आहे. इतर आजार नसलेल्या प्रौढ व्यक्तीने आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम पोटात अन्न असताना घ्यावी आणि पुढची मात्रा सहा ते आठ तासांनी घ्यावी; डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय २४ तासांत १२०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. तिच्या जोडीला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम घेता येते. दोन्ही औषधांची काम करण्याची पद्धत वेगवेगळी असल्याने जोडीचा परिणाम एकट्या गोळीपेक्षा चांगला मिळतो आणि दातदुखीत ही जोडी अनेकदा अफूजन्य वेदनाशामकांच्या तोडीस तोड उतरते. पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर असावे आणि घरी स्वतःच्या निर्णयाने घेताना दिवसाची बेरीज ३ ग्रॅमच्या आत ठेवावी. यकृताचा आजार असल्यास किंवा रोजच्या मद्यपानाची सवय असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

चूक बहुधा बेरजेत होते. कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम ही दोन्ही औषधे आधीच असतात. ती घेऊन वर वेगळी आयबुप्रोफेन घेणे म्हणजे दुप्पट मात्रा होय, आणि त्यावर डोलो किंवा क्रोसिन घेतली तर त्यातील पॅरासिटामॉल बेरजेत धरावे लागते. केमिस्टकडून ‘दाताची गोळी’ म्हणून जी केटोरोलॅक दिली जाते ती आयबुप्रोफेनच्याच गटातील, पण अधिक तीव्र आणि पोटाला व मूत्रपिंडाला अधिक त्रासदायक असते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावी आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन यांच्याबरोबर कधीही घेऊ नये. कोणत्या वेळी कोणती गोळी घेतली हे कागदावर लिहून ठेवावे. ठणक्याने रात्र जागून काढलेल्या माणसाच्या स्मरणावर विसंबण्यात अर्थ नाही.

पोटात अल्सर झालेला किंवा रक्तस्राव होऊन गेलेला असेल, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, ॲस्पिरिनसारख्या गोळीने दमा उठत असेल किंवा स्त्री गरोदर असेल, तर आयबुप्रोफेन टाळून डॉक्टरांच्या सल्ल्याने केवळ पॅरासिटामॉलवर राहावे. रक्तदाबाच्या अनेक औषधांबरोबर आयबुप्रोफेन घेतल्यास मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून घरातील ज्येष्ठांना स्वतःची गोळी परस्पर देऊ नये. पावसाळ्यात दाढदुखीच्या जोडीला अंगदुखी आणि ताप असेल तर डेंग्यू नसल्याची खात्री होईपर्यंत आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन दोन्ही वर्ज्य समजाव्यात, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. मुलांना वजनानुसार पॅरासिटामॉलचे सिरप द्यावे. ॲस्पिरिन सोळा वर्षांखालील मुलांना देऊ नये, आणि निमेसुलाइड या वेदनाशामकावर बारा वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे.

हृदयासाठी रोज घेतली जाणारी कमी मात्रेची ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी ‘आता दात काढायचा आहे’ म्हणून आपल्याच मनाने बंद करणे हे दाढदुखीपेक्षा मोठे संकट ओढवून घेणे आहे. तो निर्णय दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा असतो.

रात्रीचा ठणका

आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो, कोंडलेल्या गाभ्यावरचा ताण वाढतो, आणि भोवतालची गडबड थांबल्याने लक्षही दुखण्यावरच केंद्रित होते. त्यामुळे दिवसभर सोसवलेली दाढ रात्री अकरानंतर असह्य होते. दोन-तीन उशा घेऊन किंवा आरामखुर्चीत डोके उंच ठेवून झोपल्याने स्पष्ट फरक पडतो. रात्रीची गोळी कळ शिगेला पोहोचण्याची वाट न पाहता जेवणानंतर, झोपण्याच्या आधी घ्यावी. रात्रीचे जेवण कोमट, मऊ आणि दुसऱ्या बाजूने चावून घ्यावे. वरणभात, खिचडी, दहीभात पुरेसा असतो. गोड पदार्थ, गरम चहा आणि रात्रीची सिगारेट टाळावी.

बर्फाचा तुकडा पातळ टॉवेलात गुंडाळून गालावरून दहा-पंधरा मिनिटे धरावा, मग तेवढाच वेळ थांबावे आणि गरज पडल्यास पुन्हा धरावा. सुजेवर गरम पाण्याची पिशवी, गरम मिठाची पुरचुंडी किंवा तव्यावर तापवलेले फडके लावू नये. आपल्याकडे शेक देण्याची सवय खोल रुजलेली आहे, पण पू झालेल्या जागी उष्णतेने रक्तपुरवठा आणि सूज वाढते. बर्फाचा आणखी एक उपयोग कमी लोकांना ठाऊक आहे. वेदनेच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये असे दाखवले की, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या भागावर बर्फ चोळल्याने दातदुखीच्या बहुसंख्य रुग्णांची वेदना निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली. हा उपाय फुकटचा आहे, निरुपद्रवी आहे आणि गरोदर स्त्रीलाही करता येतो. ज्या बाजूची दाढ दुखते त्या बाजूच्या हातावर काही मिनिटे करून पाहावा.

लवंग, मीठ आणि बाकीचा डबा

लवंगेत युजेनॉल नावाचे द्रव्य असते आणि ते नसांना काही काळ बधिर करते. दंतवैद्यही झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचे मिश्रण तात्पुरत्या भरणासाठी वापरत आले आहेत. दाताला खड्डा पडलेला असेल तर औषधी दर्जाच्या लवंग तेलाचा एक थेंब कापसाच्या लहान बोळ्यावर घेऊन, जास्तीचे तेल टिपून, तो बोळा नेमका खड्ड्यात ठेवावा आणि काही मिनिटांनी काढून टाकावा. तेल हिरडीला, गालाला किंवा जिभेला लागले तर तेथे भाजते आणि दोन दिवसांनी दाढेपेक्षा तोंड आल्याचाच त्रास अधिक होतो. तेल नसेल तर अख्खी लवंग दाढेशी हलकेच धरावी. जोराने चावल्यास आधीच ठिसूळ झालेल्या दाढेचा तुकडा पडू शकतो. खड्डाच नसेल, किंवा दुखणे मुळाच्या टोकाशी असेल, तर लवंगेचा फारसा उपयोग होत नाही, कारण ती तेथे पोहोचतच नाही. लहान मुलाच्या पोटात लवंग तेल गेल्यास ते विषारी ठरू शकते, म्हणून बाटली त्यांच्या हाती लागू देऊ नये.

ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भरणे हिरडीच्या सुजेसाठी, अक्कलदाढेसाठी आणि फुटलेल्या पुळीसाठी चांगले असते. किडलेल्या दाताच्या आतल्या ठणक्यावर त्याने फार फरक पडत नाही. दात नुकताच काढलेला असेल तर पहिले २४ तास चुळा भरू नयेत, कारण खळगीतील रक्ताची गुठळी निघून गेल्यास दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत जाणारी तीव्र कळ सुरू होते. दात शिवशिवण्यावर मिळणारी पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट तिच्या जागी चांगली आहे, पण तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. आज रात्रीच्या ठणक्यासाठी ती नाही. हिरडीवर लावायची बधिरतेची जेलही वरवरच राहतात.

घरात आणि गावात चालणाऱ्या काही उपायांनी नुकसान होते. ॲस्पिरिनची गोळी चुरून हिरडीवर ठेवल्यास ती आम्लासारखी भाजते. दारूची चूळ धरणे, खड्ड्यात पेट्रोल किंवा स्पिरिटचा बोळा ठेवणे यांनी गालाचे आतले आवरण सोलवटते. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतील ‘किडे’ पाडण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी आहे. दात किडतो तो साखरेवर वाढणाऱ्या जंतूंनी तयार केलेल्या आम्लामुळे, आणि ते जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे धुरीनंतर दाखवले जाणारे पांढरे कण दाढेतून आलेले नसतात. सर्वांत गंभीर सवय मिश्रीची आहे. ग्रामीण महाराष्ट्रात अनेक स्त्रियांची मिश्रीशी पहिली ओळख दातदुखीच्या निमित्तानेच होते. भाजलेल्या तंबाखूतील निकोटिनने क्षणभर बरे वाटते, म्हणून दिवसातून दोनदा, मग चारदा हिरडीला लावली जाते. दुखणे तसेच राहते, व्यसन जडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका मागे लागतो. घरातील आजी किंवा काकू ‘मिश्रीशिवाय दाढ राहत नाही’ असे म्हणत असतील, तर त्यांना रागावण्यापेक्षा दंतवैद्याकडे नेणे अधिक उपयोगी.

उरलेल्या अँटिबायोटिकची कथाही याच जातीची आहे. अमॉक्सिसिलिन किंवा मेट्रोनिडाझोल ही वेदनाशामके नाहीत. सुजलेल्या गाभ्याच्या ठणक्यावर ती काम करत नाहीत, आणि मेलेल्या गाभ्यात रक्तपुरवठाच नसल्याने तेथे पोहोचत नाहीत. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की, एरवी निरोगी असलेल्या प्रौढांच्या बहुतेक दातदुखीत अँटिबायोटिक देऊ नये. ताप किंवा पसरती सूज असेल तरच त्याचा विचार करावा. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. मागच्या वेळी अर्धवट सोडलेल्या चार गोळ्या या वेळी घेणे म्हणजे दुखणे दाबून पुढे ढकलणे आणि जंतूंना औषधाची सवय लावणे होय.

सिमेंट किंवा कॅप निघाली असेल तर

उघडा पडलेला खड्डा कोमट पाण्याने स्वच्छ करून त्यावर औषधाच्या दुकानात मिळणारे तात्पुरते सिमेंट किंवा, ते न मिळाल्यास, साखरविरहित च्युइंगमचा चावून मऊ केलेला तुकडा बसवावा. हवा आणि पाणी लागणे थांबले की शिवशिव कमी होते. निघालेली कॅप डबीत ठेवून दंतवैद्याकडे न्यावी, ती बहुधा पुन्हा बसवता येते. फेविक्विकने कॅप चिकटवण्याचा मोह अजिबात होऊ देऊ नये. गोंद विषारी तर असतोच, शिवाय वाकडी चिकटलेली कॅप काढताना दात तुटू शकतो.

वेळ लवकर मिळवण्यासाठी

दवाखान्यात फोन करताना केवळ ‘दाढ दुखते’ असे न सांगता रात्री झोप लागत नाही, गरमने कळ राहते, सूज आहे किंवा नाही, ताप आहे किंवा नाही, हे नेमके सांगावे, आणि कोणी वेळ रद्द केल्यास आपल्याला बोलवावे अशी विनंती करावी. खासगी दवाखान्यात जागा नसल्यास शासकीय आणि महापालिकेच्या दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी केस पेपर काढून दाखवता येते: मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय, तसेच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय. रांगेत वेळ जातो, पण कळ थांबवण्याचे काम त्याच दिवशी होण्याची शक्यता बरीच असते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी तातडीच्या दंतसेवेसाठी १११ क्रमांक वापरावा.

भेटीला जाताना घेतलेल्या गोळ्यांची नोंद, नेहमीच्या औषधांची पाकिटे आणि जुना एक्स-रे असल्यास तो सोबत न्यावा. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर पोटभर नाश्ता करून जावे. पहिल्याच भेटीत गाभा उघडून तात्पुरते भरण केले की ठणका बहुधा त्याच दिवशी उतरतो. रूट कॅनॉल मात्र तेवढ्याने पूर्ण होत नाही. तात्पुरते भरण काही आठवड्यांत झिजते, फटींतून लाळ आत शिरते आणि दाढ पुन्हा दुखू लागते, म्हणून पुढच्या बैठकीची तारीख त्याच दिवशी, खुर्चीवरून उठल्या उठल्या, लिहून घ्यावी.